तिएनचं राहिलेलं वाक्य

दुपारचे अडीच वाजलेत. नारायण पेठेतल्या तळघरातल्या स्टुडिओत मी खुर्चीत बसलेय, पाय समोरच्या स्टुलावर. आमचा रेकॉर्डिस्ट अन्वर काचेपलीकडे डबा खातोय. पडद्यावर तिएन अर्ध्या उडीत थांबलाय. चिनी मारामारीचा सिनेमा आहे, मराठीत करायचाय, आणि संवाद माझे. तिएन त्यातला खलनायक, नायकाचा मोठा गुरुबंधू. गुरूने मरताना शाळा धाकट्याच्या हाती दिली, म्हणून हा वीस वर्षं डूख धरून बसलाय.

तिएनचा आवाज केळुसकरांचा. नऊ दिवसांपूर्वी केळुसकर गेले. सकाळी दूध आणायला जिना उतरत होते, आणि संपलंच. सगळा सिनेमा त्यांचा बोलून झाला होता, फक्त तिएनचं मरतानाचं एक वाक्य राहिलं. एका वाक्यापुरता दुसरा आवाज कानाला लगेच खटकतो. म्हणून चार वाजता नवा माणूस येणार आणि तिएन पहिल्यापासून बोलणार. म्हणजे केळुसकर पुसले जाणार.

आणि ते वाक्य राहिलं माझ्यामुळे. मी लिहिलं होतं, ‘मारू नकोस रे धाकट्या, दया कर.’ केळुसकर म्हणाले, ‘बाई, हा माणूस भीक नाही मागायचा.’ माझं डोकं तापलं. म्हटलं, ‘लिहिणारी मी आहे. तुम्ही नुसतं तोंड हलवा.’ बावीस वर्षं बरोबर काम केलेल्या माणसाला हे बोलले मी! खांद्याला पिशवी अडकवून ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो जिना.

सकाळपासून वीस वाक्यं लिहून खोडली. डोळे चुरचुरतात. जरा मिटते.

आधी माझे डोळे मिटतात की आधी तिएन हलतो, कुणास ठाऊक. तो राहिलेली अर्धी उडी पुरी करतो आणि काचेच्या अलीकडे, माझ्या स्टुलाशेजारी उतरतो. धूळ उडते. तळघरात धूळ कुठून आली?

‘अन्वर, मशीन बंद कर रे,’ मी म्हणते. अन्वर नाही. त्याचा डबा उघडाच आहे.

मी उठते. भिंतीला लावलेला आवाज शोषणारा पडदा पिवळा झालाय, ओलाही आहे. हा तर सिनेमातल्या रंगाऱ्याच्या अंगणातला कपडा. शेवटची मारामारी तिथेच होते. एक कपडा बाजूला सारते तर मागे दुसरा, त्यामागे तिसरा. तिसऱ्यामागे केळुसकरांचं स्वयंपाकघर. एकदा गणपतीत गेले होते त्यांच्याकडे. तेच ते, खिडकीत तुळस आणि ओट्यावर चहाचं पातेलं. ओट्याशी तिएन उभा आहे. तो वळतो, आणि चेहरा केळुसकरांचा.

‘केळुसकर, शेंडीची वेणी कधीपासून घालायला लागलात?’ मी विचारते. मेलेल्या माणसाला विचारायची पहिली गोष्ट ही! पण दुसरं काही सुचतच नाही.

त्यांचे ओठ हलतात आणि थांबतात. मग कुठून तरी मागून, न्हाणीघराकडून, त्यांचा आवाज येतो, ‘चहा घेणार ना, बाई?’

‘आवाज ओठांवर बसत नाहीये,’ मी म्हणते. ‘अन्वरला सांगायला हवं. पण तुम्ही... तुम्ही गेलात ना?’

ओठ हलतात. मी वाट बघते. बऱ्याच वेळाने न्हाणीघरातून येतं, ‘साखर बेताची घालतो.’

आता हे कशाचं उत्तर? मला काही कळेना. गेले की नाही, ते सांगा ना सरळ! मी त्यांच्या मागे मागे जाते तर पायाखाली फरशी नाही, माती आहे, आणि चहाच्या पातेल्याचा रंगाऱ्याचा हौद झालाय. आत पिवळं पाणी उकळतंय. केळुसकर हौदाच्या कडेला टेकून खाली बसतात. दाढीवर रक्त आहे. शेवटचा प्रसंग आहे हा, मला पाठ आहे. मग मारणारा कुठे गेला? नायक कुठाय?

मी इकडेतिकडे बघते, आणि मग माझा हात बघते. माझ्या हातात पेन्सिल आहे, पण ती पुरुषभर लांब झालीय आणि तिचं टोक केळुसकरांच्या छातीवर टेकलंय. अगं बाई, धाकटा मीच की! मी ती मागे ओढायला बघते. ती हलत नाही.

‘बोला ना काहीतरी,’ मी म्हणते. ‘काय वाटेल ते बोला. माझं मी खोडते. भीक नका मागू, तुमचं बरोबर होतं.’

ते मान मागे टाकतात, तोंड उघडतात. आवाज नाही. पुन्हा उघडतात, ओठ अडखळतात. नुसतं तोंड हलतंय. मला इतकी लाज वाटते की बघवत नाही.

आणि मग ते हसतात.

पडद्यावर केळुसकर बावीस वर्षं गडगडाटी हसले, पोरंबाळं घाबरतील असं. हे ते नाही. त्यांचा टेक चुकला की ते स्वतःवरच हसायचे, नाकातून, खीः खीः खीः, खांदे हलवत. हे ते हसू. आणि ते ओठांवर बरोबर बसतं. केसभरसुद्धा मागेपुढे नाही.

‘हसताय काय!’ मी रागावते. ‘चार वाजत आले. तो नवा येईल आणि तुम्हाला पुसून टाकील. कळतंय का काही?’

ते कमरेच्या शेल्यातून स्टीलची छोटी डबी काढतात. तीच ती, ज्येष्ठमधाची. ‘घसा बसलाय तुमचा,’ ते म्हणतात, आणि हेही ओठांवर बसतं. ‘घ्या.’

दर टेकच्या आधी ते मला काडी द्यायचे, आणि मी दर वेळी म्हणायचे, मुळ्या चघळायला मी काय शेळी आहे? आज मुकाट घेते.

‘केळुसकर, त्या दिवशी मी जे बोलले ना...’

ते कानाकडे बोट दाखवतात. कानांवर हेडफोन आहेत. मी मोठ्याने बोलते. ते ‘ऐकू येत नाही’ म्हणून मान हलवतात. आम्हा दोघांच्या मध्ये ओला पिवळा कपडा येतो. मी ओरडते, ‘केळुसकर, चुकलं माझं!’

‘बाई! बाई, काय झालं?’ अन्वर हात पुसत धावत आलाय. पावणेतीन वाजलेत. पडद्यावर तिएन अर्ध्या उडीत तसाच थांबलाय.

‘अन्वर, केळुसकरांचे वाया गेलेले टेक पुसलेस का?’

‘नाही हो. हात होईना.’ तो खाली बघतो. ‘का?’

‘चुकले की हसायचे ना ते? तसलं एक हसू काढ. शेवटच्या प्रसंगावर लाव.’

त्याला काही कळत नाही, पण तो लावतो. तिएन हौदाशी कोसळतो. धाकट्याकडे बघतो, मान मागे टाकतो. खीः खीः खीः. वीस वर्षांचा डूख गळून पडतो, आणि स्वतःची चूक कळलेला एक माणूस हसत हसत मरतो. भीक नाही, काही नाही.

‘बसलं,’ मी म्हणते. ‘त्या नव्या माणसाला फोन कर. म्हणावं, येऊ नका.’

अन्वर फोन उचलतो आणि माझ्याकडे बघत राहतो. ‘बाई, तोंडात काय आहे तुमच्या?’

मी बाहेर काढून बघते. ज्येष्ठमधाची काडी आहे, टोकाशी चघळून चघळून तिचा कुंचला झालेला.

‘कुठे मिळाली?’ अन्वर विचारतो. ‘डबी तर त्यांची मुलगी परवाच घेऊन गेली.’

मला रडू फुटतं. मी काडी परत तोंडात घालते.