खळबाई आणि सात नंबरचा टॅब

आमच्या ग्रंथालयात पुस्तकं बांधायची खोली जिन्याखाली आहे. आत शिरायचं तर मान तुकवावी लागते, आणि खळबाईंना याचं भारी समाधान. "अध्यक्ष असो की सचिव, माझ्याकडे येतो तो वाकूनच," असं त्या येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतात.

त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक. पुठ्ठ्याला लावायच्या पिठाच्या खळीने त्यांची बोटं कायम चिकट असतात, म्हणून मीच केव्हातरी त्यांना खळबाई म्हणायला लागलो. त्यांनी उलट मला काउंटर म्हणायला सुरुवात केली, कारण मी पुस्तकं देण्याघेण्याच्या काउंटरवर बसतो. अठ्ठावीस वर्षं झाली, दोघांचीही नावं मागे घेतली गेली नाहीत.

नवऱ्याने दुसरं घर केलं त्या आठवड्यात त्या इथे कामाला लागल्या. शिक्षण दहावी. जुन्या बाइंडरने त्यांना शिवण शिकवली, कडा कापायला शिकवलं, आणि एक नियम दिला: पुस्तक बांधायला घेतलं की आधी उलटं धरून झटकायचं. आतून चिठ्ठी पडो, तिकीट पडो, वाळलेलं फूल पडो, सगळं एका पाकिटात घालायचं, पाकिटावर पुस्तकाचा नंबर टाकायचा आणि वाचकाचं त्याला परत द्यायचं. चार वर्षांनी सासरची माणसं न्यायला आली. झालं गेलं विसरू, पहिल्यासारखी राहा, म्हणाली. बाई हातातली सुई खाली न ठेवता म्हणाल्या, "पहिल्यासारखी कशी राहू? मला आता शिवता येतं." सासरच्या माणसांनी चहासुद्धा घेतला नाही. मी तेव्हा दारात उभा होतो, म्हणून सांगतो.

आता टॅबचं. पाच वर्षांपूर्वी एका कंपनीने ग्रंथालयाला बारा टॅब विकले. पुस्तक मोठ्याने वाचून दाखवणारे. ज्यांची नजर गेली किंवा जायला लागली अशा वाचकांसाठी खिडकीजवळ एक गोल टेबल मांडलं, त्याला आम्ही ऐकायचं टेबल म्हणू लागलो. दोन वर्षांत कंपनीने गाशा गुंडाळला. टॅब चालू केला की 'कंपनीशी संपर्क होत नाही' एवढीच ओळ यायची आणि तो तिथेच अडून बसायचा. पैसे आपले, वस्तू आपली, आणि ती आपल्याच टेबलावर बसून आपल्याला दाराबाहेर ठेवते. मला अजूनही आठवलं की डोकं फिरतं.

खळबाईंचंही फिरलं. पण माझं फिरलं की मी चहा प्यायला जातो, आणि त्या काम काढतात. जुन्या ग्रंथपालांकडून त्यांनी 'करून पाहा' अशी लेखी परवानगी घेतली आणि शब्दकोश मांडीवर घेऊन इंटरनेटवर वाचत बसल्या. जेवणाच्या सुट्टीत मला समजावून सांगायच्या. टॅब आपल्याला मिळतो, पण त्याच्या आतल्या खोलीची चावी कंपनी स्वतःकडे ठेवते. ती चावी आपल्या हातात घेणं म्हणजे टॅब रूट करणं. एकदा ती मिळाली की आत बसवलेलं नको ते काढता येतं आणि हवं ते बसवता येतं.

पहिला प्रयोग तीन नंबरवर झाला आणि तीन नंबर मेला. काहीही केलं तरी पडदा काळाच. या लोकांच्या भाषेत अशा यंत्राची वीट झाली म्हणतात. बाईंनी रजिस्टरात स्वतःच्या अक्षरात 'माझ्या हातून मेला' असं लिहून खाली सही केली, आणि त्या दिवसापासून तीन नंबर ओल्या पुठ्ठ्यांवर वजन म्हणून ठेवला. मग तीन महिन्यांनी चार नंबर उघडला. त्यातून कंपनीचा सगळा पसारा काढून टाकला, स्वच्छ सिस्टिम भरली, आणि वाचून दाखवणारा आवाज त्या सिस्टिममध्येच पक्का बसवला. बाकीचे दहाही टॅब महिन्याभरात झाले. ऐकायचं टेबल पुन्हा भरलं.

त्या टेबलाच्या राणी म्हणजे आम्ही सगळे ज्यांना आजी म्हणतो त्या. उभी हयात टेलिफोन ऑपरेटर म्हणून गेलेली, ऐंशी पार, नजर जवळजवळ शून्य, आवाज मात्र खणखणीत. सात नंबरचा टॅब त्या घरी न्यायच्या. पुस्तक ऐकता ऐकता थांबवायच्या, रेकॉर्डिंग चालू करायच्या आणि लेखकाशी भांडायच्या. "अहो, ही बाई स्टेशनवर तीन तास रडत बसते, हिला भूक लागत नाही?" असं. टेबलावरचे बाकीचे लोक पुस्तकं बाजूला ठेवून आजींची भांडणं ऐकायचे. काही भांडणांत मागून कोणीतरी पोट धरून हसताना ऐकू यायचं. ती त्यांची थोरली बहीण. दोघी एकत्र राहायच्या. मागच्या वर्षी बहीण गेली, आणि तेव्हापासून आजी ती जुनी भांडणं स्वतःच पुन्हा पुन्हा लावून ऐकायच्या. कशासाठी, ते सगळ्यांना कळत होतं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना समितीवर नवे सचिव आले. त्यांना खिडकीजवळची जागा बैठकीच्या खोलीसाठी हवी होती. तसं सरळ म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून त्यांनी टॅब धरले.

"ही छेडछाड आहे," समितीच्या बैठकीत ते म्हणाले. "एका बाइंडरने परस्पर यंत्रांची मोडतोड केली. सगळे टॅब फॅक्टरी रीसेट करा आणि मूळ स्थितीत आणा. चालले तर ठेवू. नाही चालले तर भंगार."

मूळ स्थितीत ते चालत नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. डाव चांगला होता. मी इतिवृत्त लिहीत होतो, माझा पेन थांबला. खळबाई भिंतीशी उभ्या होत्या.

"रीसेट करते की साहेब," त्या म्हणाल्या. "पण ठरावात नीट लिहा. रीसेट केल्यावर चालले तर ऐकायचं टेबल जिथल्या तिथे राहील आणि टॅबना पुन्हा कोणी हात लावणार नाही. तारीख लिहा, वेळ लिहा, सर्वांसमोर असं लिहा."

"सगळे अकराच्या अकरा," सचिव म्हणाले. "एक जरी राहिला तरी ठराव मोडला."

"अकराच्या अकरा. शुक्रवारी चार वाजता."

मी लिहिलं, सचिवांनी सही ठोकली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बाई, हे काय करून बसलात? रीसेट केलं की सगळं जाणार!"

"सगळं नाही जात हो काउंटर," त्या म्हणाल्या. "वाचकांनी भरलेलं जातं. पुस्तकं, खुणा, रेकॉर्डिंगं, सेटिंगं. ते मी आधी पाकिटात घालते."

पाकिटात म्हणजे खरोखरच पाकिटात. प्रत्येक टॅबमधलं सगळं छोट्या मेमरी कार्डावर उतरवायचं, कार्ड टॅबमधून काढून पाकिटात ठेवायचं, वर नंबर. गुरुवारपर्यंत दहा पाकिटं त्यांच्या फळीवर ओळीने लागली. सात नंबर आजींच्या घरी होता. बाई मला म्हणाल्या, "आजींना फोन करा. टॅब उद्या सकाळीच घेऊन या म्हणावं, उतरवायला पाऊण तास लागतो."

मी फोन केला नाही. कारण वगैरे काही नाही, विसरलो. चहा प्यायला गेलो होतो.

शुक्रवारी पावणेचारला भंगारवाल्याचा टेम्पो दारात लागला. सचिवांनीच बोलावलेला. एवढी खात्री! चारला पाच कमी असताना आजी काठी टेकत आल्या आणि नेहमीसारख्या टेबलाशी बसून त्यांनी पिशवीतून सात नंबर काढला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

"साहेब, या एकाला पाऊण तास द्या," बाई म्हणाल्या.

"वेळ तुम्हीच घातलीत ना?" सचिव घड्याळ दाखवत म्हणाले. "चार म्हणजे चार. नसेल जमत तर सांगा, टेम्पो उभाच आहे."

सात नंबर सोडला तर ठराव मोडतो आणि नऊ-दहा माणसांचं टेबल जातं. सात नंबर पुसला तर आजींच्या बहिणीचं हसणं जातं. खळबाई आजींच्या शेजारी खाली गुडघ्यावर बसल्या आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. माझं नाव मात्र घेतलं नाही.

"माझी भांडणं जाणार?" आजींनी विचारलं.

"सगळी."

"आणि ती?"

"त्याही जाणार, आजी. तुम्ही नको म्हणालात तर मी नाही दाबणार. मग टेम्पोत काय जाईल ते जाऊ दे."

आजींनी सात नंबर छातीशी धरला. मग त्यांनी तो चाचपडत बाईंच्या हातात दिला आणि सचिवांचा आवाज जिकडून आला होता तिकडे तोंड वळवून म्हणाल्या, "ती असती तर या माणसाला एवढी हसली असती की तो घरी गेला असता. दाब गं पोरी."

बाईंनी अकरा टॅब ओळीने मांडले आणि एकेकाचं रीसेट दाबत गेल्या. सात नंबर शेवटी. पडदे काळे झाले. मग पहिल्या टॅबवर इशाऱ्याची एक ओळ उमटली.

"बघा! बिघडला!" सचिव उडालेच.

"ती ओळ रोजच येते, साहेब. दार उघडं आहे म्हणून ओरडतं ते यंत्र. आपल्याला ठाऊक आहे ना दार उघडं आहे, मग ओरडू दे."

थोड्या वेळाने एक नंबरमधून स्पष्ट आवाज आला, "स्वागत आहे. भाषा निवडा." मग दोन नंबरमधून. मग चारमधून. अकरा टॅब आगेमागे तेच बोलायला लागले आणि सगळं टेबल हसायला लागलं. कंपनीची ती रडकी ओळ कुठेच नव्हती.

"हे शक्य नाही," सचिव म्हणाले. "फॅक्टरी रीसेट म्हणजे कारखान्यातून आला तसा व्हायला पाहिजे!"

खळबाईंनी शेजारचं एक जाडजूड पुस्तक उचललं, उलटं धरलं आणि खडखडून झटकलं. आतून बसचं तिकीट आणि किराणा सामानाची यादी पडली.

"हे झालं रीसेट," त्या म्हणाल्या. "वाचकाने ठेवलेलं पडलं. छापलेलं पडलं का? नाही पडत. मी या टॅबमध्ये चिठ्ठ्या ठेवल्या नव्हत्या, साहेब, छपाईच नवी केली होती. रूटसुद्धा आहे तिथेच आहे. परवानगी विचारणारं एक बारकं अॅप तेवढं पुसलं गेलं असेल, ते परत टाकीन. यांना खरंच पहिल्यासारखं करायचं असतं तर कंपनीची जुनी फाइल शोधून पुन्हा भरावी लागली असती. ते तुम्ही ठरावात लिहिलं नाहीत."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुम्ही कुठे विचारलंत? तुम्ही मोडतोड म्हणालात."

सचिवांनी टेम्पोवाल्याला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण टेम्पो रिकामा गेला. सचिव पाठोपाठ निघाले. टेबलावर जी काही हुल्लड झाली ती ग्रंथालयात शोभणारी नव्हती, आणि शांतता राखा म्हणायचं माझं काम मी केलं नाही.

आजी मात्र हसत नव्हत्या. सात नंबरवर हात ठेवून बसल्या होत्या. मला राहवलं नाही. त्यांच्यासमोर जाऊन मी फोनचं सांगितलं. बाईंनी सांगितलं होतं, मी विसरलो, चूक माझी. शिव्या खायची तयारी करूनच गेलो होतो.

आजींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"माझी भांडणं गेली," त्या म्हणाल्या. "तोंड नाही गेलं माझं. पोरी, रेकॉर्डिंगचं बटण दाखव मला."

बाईंनी त्यांचं बोट धरून बटणावर ठेवलं. आजींनी घसा साफ केला आणि त्यांच्या जुन्या ऑपरेटरच्या आवाजात सुरुवात केली, "भांडण पहिलं. काउंटरवरच्या माणसाशी." मग साडेसात मिनिटं मला उभं आडवं सोललं. माझा चहा निघाला, माझी विसराळू खोपडी निघाली, मी आजवर चुकीची दिलेली पुस्तकं तारखांसकट निघाली. हसणार नाही असं ठरवलेल्या खळबाई शेवटी जोरात हसल्या, पुठ्ठे पडावेत तशा धडाधड.

आजींनी रेकॉर्डिंग बंद केलं आणि लगेच लावून ऐकलं. मागे ते हसणं आलं तेव्हा त्यांनी मान थोडी तिरकी केली.

"हे तिचं नव्हे," त्या म्हणाल्या. "पण असू दे. हे पुसू नका."

दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या फळीवर अकरावं पाकीट लागलं, वर बाईंच्या अक्षरात सात. टॅब घरी नेण्याआधी आजी तो रोज माझ्यासमोर ठेवतात. त्यातलं सगळं कार्डावर उतरवून पाकिटात घालायचं काम बाईंनी माझ्याकडे दिलं आहे. पाऊण तास लागतो. तेवढा वेळ मी चहाला जात नाही.