न मरणारा मासा

कुही गावाकडच्या माझ्या मावशीचा मुलगा नागपूरच्या दवाखान्यात तापाने मरता मरता वाचला. नवस फेडायला तिने गावच्या तळ्यात जिवंत मासे सोडले. बाजारात रोहू होता, पण तो वाटेतच मेला असता. ओल्या पोत्यात गावापर्यंत टिकेल असाच मासा तिला हवा होता, कारण मुलाचा जीव तिने त्यातच बांधला होता. मासेवाल्याने परदेशी मांगूर, मिशांचा चिवट मासा, दिला. हा काही लवकर मरत नाही, म्हणाला. मावशीला तेवढंच ऐकायचं होतं.

तेव्हापासून रोज जेवायला वाढण्याआधी ती मुलाच्या कपाळाला हात लावून ताप बघायची. इकडे तळ्यात मांगूर वाढले. त्यांनी रोहूची पिल्लं खाल्ली, बेडूकही सोडले नाहीत. यंदा उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं, तेव्हा गावाने सगळे मांगूर काढून पुरायचं ठरवलं. मारायचे कोणी? ज्याच्यापायी आले त्यानेच, असं सगळ्यांचं एकमत झालं. याला म्हणे न्याय. मला त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं, पण मीही काठावर सावली बघून उभीच राहिले.

मुलगा खुशीने तयार झाला, हे त्याहून वाईट. मासे सोडल्यापासून गाव त्याला, हाही मरत नाही म्हणून, मांगूर म्हणूनच चिडवत होतं. चिखलातून काढलेला एकेक मासा तो दगडावर ठेवून काठीने ठेचत होता. तरी ते मरेनात. डोकी फुटलेले मासेही पुरायला खणलेल्या खड्ड्यातल्या चुन्यात वळवळत होते. एक तर सरकत सरकत पार कडेला आला. मावशी पुढे झाली.

"एवढा एक राहू दे गा. तुह्या जीवासाठी सोडला होता मी."

त्याने तो उचलून तिच्या तोंडासमोर धरला. "सकाळपासून मारूनच राहिलो न. मंग मी काहून नाही मेलो?"

लोक हसले. त्याने तो जिवंतच खड्ड्यात टाकला आणि फावड्याने वर माती ओढली.

घरी येऊन हातपाय धुऊन तो ताटावर बसला. मावशीने भात वाढला, वरण वाढलं. त्याने सवयीने कपाळ पुढे केलं, थोडा वेळ तसंच ठेवलं. मावशी वरणाचं भांडं घेऊन आत निघून गेली.