मिस्त्रीचं आवर्तन

आयुष्यात मी शेकडो भाषणं ठोकली, पण कोणीतरी खरं मानलेलं भाषण एकच. आणि ते मानलं पोलिसांनी.

मी पुढारी नाही, शिक्षकही नाही. अडीच एकर ऊस आणि थोडा मका, एवढा माझा संसार. पण लग्न असो, दशक्रिया असो की दूध संकलन केंद्राचं उद्घाटन, माइक माझ्या हातात असतो, आणि माइक धरणाऱ्याला आमच्याकडे सर म्हणतात. दशक्रियेला तर मी असं काही बोलतो की खुद्द वारसांना गेलेल्या माणसाबद्दल नव्यानं आदर वाटू लागतो.

आमचं गाव पुणतांब्यापासून फार लांब नाही. कालव्यातून एक चारी निघते आणि वस्त्या-वस्त्यांतून वळत वळत गावाच्या टोकाला जाऊन संपते. चारी जिथं सुरू होते ते हेड, संपते ते टेल. धरणातून पाणी सुटलं की त्याला आवर्तन म्हणतात, आणि आवर्तनाचा नियम असा की आधी टेलवाल्यानं भिजवायचं, मग एकेक घर वर सरकत शेवटी हेडवाल्यानं. हा नियम टेलवाल्यांना तोंडपाठ असतो. हेडवाल्यांना तो दरवेळी नव्यानं समजावून सांगावा लागतो.

तर त्या दिवशी ग्रामसभा होती. गटार झालं, स्मशानभूमीचं शेड झालं, आणि ऐनवेळच्या विषयांत उपसरपंच उठले. उपसरपंच म्हणजे गळ्यात माळ, कपाळाला बुक्का आणि शेत चारीच्या अगदी हेडला. आदल्या रात्री त्यांनी टीव्हीवर घुसखोरांची चर्चा शेवटपर्यंत पाहिली होती.

"आपल्या गावात बाहेरच्या देशाचा एक बी मानूस राहता कामा न्हाई," ते म्हणाले. "सीमेवरच्या राज्यांनी आत घेतलेत ना? मग त्यांनीच ठिवावेत!"

मागून अंगणवाडीच्या ताईंचा आवाज आला, "मग तुमच्या देवघराची फरशी कोनी बसवली, दाजी?"

सभा हसली. कारण ती बसवली होती आमच्या बंगाली मिस्त्रीनं. हा माणूस तीन वर्षं गावात भाड्यानं राहत होता. बोलणं कमी, हात चोख. फरशी बसवून झाली की बोटाच्या पेरानं टकटक करत, कान लावून, ती भरीव आहे की पोकळ ते ऐकायचा. गावातल्या निम्म्या घरांत लोक त्याच्या कामावर अनवाणी फिरत होते.

"तो बी कुठला हाय ते बघावं लागंल," उपसरपंच घुश्शात म्हणाले.

आता असा तापलेला तवा समोर असताना मी गप्प बसेन का? मी माइक घेतला. नसता तरी कुठून तरी पैदा केला असता.

"मंडळी," मी म्हणालो, "वर धरणं भरली आणि खाली जायकवाडी रिकामं राहिलं, की आपल्याला पाणी सोडावं लागतं. आपण रडतो, मोर्चे काढतो, पण सोडतो. का? तर तूट एकट्यानं सोसायची नसते, ती वाटून घ्यायची असते. मग सीमेवरच्या दोन-चार राज्यांनी हा सगळा भार एकट्यानं का वाहायचा? तपासणी असेल, सांभाळणं असेल, परत पाठवणं असेल, प्रत्येक राज्यानं आपला वाटा उचलावा! आणि वेळ आली, तर हे गावसुद्धा आपला वाटा उचलेल!"

शेवटच्या वाक्याला मी आवाज असा काही चढवला की स्पीकर किंचाळला. टाळ्या पडल्या. कोपऱ्यात बंदोबस्ताला आलेले हवालदारही टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदारांची मोटारसायकल माझ्या दारात.

"सर, काल तुमचं भाशन आईकलं. अंगावर काटा आला."

मी विनयानं खाली बघितलं.

"तर आता तुमचा वाटा घ्या," असं म्हणून ते बाजूला सरकले. मागच्या सीटवर मिस्त्री बसला होता, मांडीवर कपड्यांची बॅग आणि फरशी कापायचं कटर.

झालं होतं असं. कोणीतरी ठाण्यात फोन केला होता की हा माणूस मोबाईलवर बंगालीत बोलतो. आता बंगालच्या माणसानं घरी कोणत्या भाषेत बोलावं, हा प्रश्न फोन करणाऱ्याला पडला नसावा. मिस्त्रीनं आधार कार्ड दाखवलं, पण तेवढ्यानं भागत नव्हतं. त्याच्या गावाकडच्या पोलिसांनी 'हा आमचाच' असं लिहून द्यायला हवं होतं.

"आठ दिवस थांबतो," हवालदार म्हणाले. "ठान्यात ठिवायला जागा न्हाई. गावानं सांभाळायचा, रोज सकाळी पोलीसपाटलाम्होरं सही. आठव्या दिवशी सांजपोतर कागद न्हाई आला, तर मला जिल्ह्याला न्यावा लागंल. तितनं म्होरं कुठल्या सीमेवर नेऊन सोडतील, ते माझ्या हातात न्हाई."

मिस्त्री एवढंच बोलला, "दादा, मेरा घर मुर्शिदाबाद में है. सीमा के उस पार मैं किसी को नहीं पहचानता. उधर छोड़ दिया तो मैं बोलूंगा किसको?"

मी जामीन म्हणून सही केली.

बायकोनं त्याला चहा दिला आणि मला आत बोलावलं. "समद्यांनी वाटून घ्यावा म्हनला ना? मग आठी दिवस आपल्याच घरी का? जा, वाटून या."

तर्क बिनतोड होता. संध्याकाळी देवळात बैठक भरवली. काल टाळ्या वाजवणारे हात आज मागं बांधले गेले होते. एकाच्या घरी पाहुणे येणार होते, एकाची म्हैस व्यायला झाली होती. तिसऱ्यानं तर, त्याला मराठी येत नाही, करमणार कसं, अशी मिस्त्रीचीच काळजी केली. काश्मीरपासून केरळपर्यंत सगळी राज्यं मला त्या सभामंडपात दिसली.

शेवटी पाटकरी उठला. चारीवर कुणाचं पाणी कधी, हे बघणारा हा माणूस. त्यानं खिशातून वही काढली. "आपल्या पान्याची यादी तयार हाय. पानी फिरतं तसा मिस्त्री फिरवा. आठ घरं, आठ दिस. जेवान बी तिथंच, झोपनं बी तिथंच."

"मग सुरुवात टेलपासून!" उपसरपंच ताडकन म्हणाले. "नियम म्हंजे नियम!"

पंचवीस वर्षांत हेडवाल्याच्या तोंडून हा नियम गावानं पहिल्यांदाच ऐकला. टेलची म्हातारी माणसं भारावून एकमेकांकडे बघू लागली. उपसरपंचांचं गणित सरळ होतं. त्यांचं घर यादीत आठवं. तोवर एकतर कागद येईल नाहीतर जिल्ह्याला न्यायला जीप, आणि मिस्त्री त्यांच्या उंबऱ्यापर्यंत पोचणारच नाही.

इथवर सगळं शहाणपणाचं होतं. चूक पुढं झाली, आणि ती माझी. मी ती यादी देवळाच्या फळ्यावर लिहिली.

त्या फळ्यावर एरवी सप्ताहातल्या पंगती लिहितात. कुठल्या दिवशी कुणाची पंगत, हे तिथं खडूनं उमटलं की त्या घराची झोप उडते. आदल्या दिवशीच्यांनी बुंदी वाढली तर आपण जिलेबी वाढायची, ही आमच्या रक्तातली खोड. त्यात मी रोज सकाळी देवळाच्या लाउडस्पीकरवरून पुकारू लागलो: "आज मिस्त्रींचा मुक्काम अमुक वस्तीवर! काल वाढण्यात आले हुलग्याचे शेंगोळे आणि वर तुपाची धार! मिस्त्रींनी दोनदा मागून घेतले!" मला कोणी सांगितलं नव्हतं. पण माइक समोर होता, आणि माणसाला मोह होतो.

पहिल्या दिवशी शेंगोळे होते ना, दुसऱ्या घरी पुरणपोळी झाली. तिसऱ्या घरानं पुरणपोळी आणि गुळवणी दोन्ही केलं, वर भजी. चौथ्या घरी बोकड पडलं. ज्यांची म्हैस व्यायला झाली होती त्यांनी खरवस केला. मिस्त्रीही रिकामा बसेना. कुणाच्या मोरीचा कोपरा, कुणाच्या ओट्याची निखळलेली पट्टी, जेवणाआधी तो काहीतरी नीट करून मगच पाटावर बसे.

पाचव्या दिवशी त्यानं मला गाठलं. पोटावर हात होता.

"दादा, मुझे जिल्ह्याला भेज दो. वहाँ डाळभात तर देतील."

मी हसलो. तोही हसला. मग नेहमीप्रमाणे विचारलं, "कागज आया?"

"नाही रे अजून."

त्यानं मोबाईलवर घराचा फोटो दाखवला. दारात बायको, मुलगी, आणि खाली उखडलेला साधा कोबा. "सबके घर में फरशी बसवली," तो म्हणाला. "अपने में बाकी है. इस बार जाकर करने वाला था." मग मोबाईल विझवून तो सहाव्या घराच्या वाटेला लागला. त्या रात्री मी पुकारायच्या मजकुरातले दोन विनोद खोडले. दोनच.

तिकडं हेडला वेगळीच कळ निघाली होती. उपसरपंचांच्या बायकोनं त्यांना धारेवर धरलं, "सात घरांचं नाव सात दिस सपीकरवर, आन आपल्या घरी काय, पिठलं? बंगाली मानसाला मासा लागतो म्हनं."

"अगं, माळ हाय माझ्या गळ्यात!"

"माळ तुमच्या गळ्यात हाय, त्याच्या न्हाई. घरात न्हाई शिजवत. अंगनात लिंबाखाली तीन दगड मांडते, नदीवरच्या भोयांकडनं पातेलं आनते. तुमी तिकडं तोंड करून बसू नका म्हंजे झालं."

असा ठराव त्या घरात बहुमतानं मंजूर झाला. बहुमत म्हणजे ती एकटी.

सातव्या दिवशी दुपारी मी आणि मिस्त्री पारावर बसलो असताना हवालदार आले. त्यांनी आधी हेल्मेट काढलं, मग रुमालानं घाम पुसला, मग खिसे चाचपले. मला नाट्य आवडतं, पण दुसऱ्यानं केलेलं सोसत नाही. "साहेब, बोला की!"

"आला," ते म्हणाले आणि कागद पुढं केला.

हवालदारांना बघून उठलेला मिस्त्री पुन्हा खाली बसला. खालच्या गोल शिक्क्यातली बंगाली अक्षरं त्यानं बोटानं एकेक करून वाचली. मग पुन्हा वरून वाचली. मग शर्टाच्या टोकानं डोळे पुसले आणि म्हणाला, "संगमनेर का काम रुका है. शाम की एसटी मिल जाएगी?"

एवढ्यात उपसरपंच धापा टाकत आले. बातमी हवालदारांच्याही आधी हेडला पोचली होती.

"हवालदारसाहेब, कागद आजच का दिला? उद्या दिला आसता! तो जरा माघारी खिशात ठिवा."

"मला हे कळंना," हवालदार शांतपणे म्हणाले, "ठान्यात फोन तुमीच केल्ता ना, हाकला म्हनून?"

उपसरपंचांनी माळेचे चार मणी ओढले.

"केल्ता," ते म्हणाले. "पन तवा आमची पाळी लागली नव्हती. आता नदीवर मासा सांगून ठिवलाय. समद्या गावात जेवला आन आमच्याच दारावरनं उपाशी गेला, तर मी तोंड कुठं दाखवू?" मग मिस्त्रीकडं न बघताच, जरा हळू आवाजात, "चुकलं माझं. इचारायला पायजे हुतं आधी."

आम्ही सगळे मिस्त्रीकडं बघू लागलो. त्यानं कागदाची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं.

"अब मैं कहाँ रहूँ, वो मैं बोलेगा ना?"

"तूच," हवालदार म्हणाले.

"तो कल रुकेगा. लेकिन खाने के पहले देवघर." तो उपसरपंचांकडं वळला. "समई के सामने की एक फरशी पोकळ है. मला मालूम आहे."

उपसरपंचांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पूजेला गुडघा टेकला की ती फरशी वाजायची, आणि तीन महिने ते रोज देवासमोर मिस्त्रीला शिव्या घालत होते.

आठव्या दिवशी लिंबाखाली पातेलं रटरटत होतं. हवालदार आपणहून आले होते, 'बंदोबस्ताला'. आत मिस्त्रीनं ती फरशी उचलली, खालचा माल खरवडला, नवा भरला, फरशी दाबून बसवली आणि फर्मान सोडलं, "कल सुबह तक पाय नको."

"आन सांजची पूजा?"

"दरवाजे से."

मग तो अंगणात जेवायला बसला. उपसरपंच ओसरीवर पाठ फिरवून बसले होते. थोड्या वेळानं भिंतीकडं बघतच त्यांनी विचारलं, "कसा झालाय?"

"अच्छा है. थोडा मोहरी कम."

"मोहरी घालायची ना गं!" ते बायकोवर ओरडले.

"सर," बोटं चाटत हवालदार मला म्हणाले, "राज्यांची बी अशी यादी करून देवळाच्या फळ्यावर लावायला पायजे."

"फळा पुरेल," मी म्हणालो. "पण हेड कुठलं आणि टेल कुठलं, यावरच पंचवार्षिक जाईल."

"आमी टेलपासून म्हनू," ओसरीवरून उपसरपंच म्हणाले.

सिमेंट सुकेपर्यंत मिस्त्री थांबला. नवव्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीआधी त्यानं देवघरात जाऊन पेरानं टकटक केलं, कान लावला, मान हलवली. मग बॅग उचलली, खिशावरून एकदा हात फिरवला आणि स्टँडवर गेला. मी एसटी हलेपर्यंत तिथं होतो, भाषण न करता.

परत येताना उपसरपंचांच्या दारावरून आलो तर ते देवघरात गुडघे टेकून बसले होते. फरशीवर हलकेच टकटक करत होते, आणि कान लावून ऐकत होते.

"आता वाजत न्हाई, सर," ते जरा हिरमुसून म्हणाले, आणि अजून एकदा वाजवून बघितलं.