कबूल म्हण अन् घरी जा

घरफोडीचा आरोपी बोलायलाय म्हणल्यावर तुमाला वाटलं असंल, आता हा कुलूप कसं तोडलं ते सांगंल. न्हाई सांगत. येतच न्हाई मला. आमच्या घराला ताटी हाय, कुलूप लावायचं कुठं?

पण करून दाखवलं मी. ठाण्यात.

वालूरला एका आडत्याचं घर फुटलं. पोलिसांनी आमच्या वस्तीवरून मला उचललं. कामून? वस्तीवरचा म्हणून. एवढंच. मला नकला येतेत हे जमादाराला ठाऊक. म्हणला, "लय नकल्या हायस म्हणं. तुझ्या बापाची कर. कसा घुसतो लोकाच्या घरात?"

मी हात जोडले. कानाखाली बसली. मंग वाकलो. पाऊल न वाजवता चाललो. हवेतल्या कुलपाला हवेतली पहार लावली. सगळे पोट धरून हसले. आडत्या तिथंच खुर्चीवर चहा प्यायलाता. म्हणला, "बगा, रक्तातच हाय यांच्या."

माझा बाप ऊस तोडतो. त्यानं आजवर उसाशिवाय काही तोडलं न्हाई.

जामीन मिळाला, पण आमच्यासाठी जामीनदार कोण ऱ्हाणार? पोळ्याच्या आधी आत गेलो, दिवाळी आतच झाली. मंग तारीख लागली. सरकारनं दिलेला वकील व्हरांड्यात म्हणला, "कबूल म्हण. आत काढलेस तेवढीच शिक्षा धरतील. संध्याकाळी घरी जेवशील. नाही म्हणलास तर बस तारखा मोजत."

वाईट माणूस न्हवता. आमच्या वस्तीच्या केसा अशाच मिटतेत. ऊसतोडीला माणसं न्यायच्या गाड्या निघायच्या टायमाला तर कबूल म्हणणारायची रांग लागती. बापानं दोनदा कबूल म्हणलं, न केलेलं. म्हणून तर कुठंबी कुलूप तुटलं की जीप आधी आमच्या दारात.

जजसाहेबांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

मागं बाप उभा होता. कमरेत वाकून, हात जोडून. ओठ हालवायलाता: म्हण, म्हण. अन् माझे हात आपोआप तसेच जोडलेले. मला कळलं. ठाण्यात केली ती बापाची नक्कल न्हवतीच. खरी तर आता व्हायलीती.

हात खाली सोडले.

"न्हाई साहेब. कबूल न्हाई."

"समजून बोलतोस ना?"

"समजलंय. मी चोरी केली न्हाई."

त्यांनी लिहून घेतलं. पुढची तारीख.

बाहेर पोलिसानं माझ्या बेडीची दोरी धरलेली, तरी बाप अंगावर आला. "लय शाना झालास? उद्या गाडी निघायलीय! तुझ्याबी नावची उचल घेऊन बसलोय, मुकादमाला काय तोंड दाखवू? तुझ्या जागी धाकटीला नेऊ शाळा सोडवून? आमी काय येडे होतो रं, कबूल म्हणणारे?"

"धाकटीला नको नेऊ, बा. अन् पुढच्या तारखेलाबी मी न्हाईच म्हणणार."

"मुडद्या, तवा आमी समदे उसात असू! तुझं न्हाई ऐकायला कोण ऱ्हाईल इथं?"

"जजसाहेब ऱ्हातील. त्यांनाच ऐकवायचंय."