कंटेनरमधल्या गाईचा नैवेद्य

मनोहरराव गेल्याचं त्यांच्या मुलीने मला फोनवर सांगितलं आणि लगेच म्हणाली, "काका, आंजी गावच्या गुणवंतरावांना तुम्हीच कळवा. माझ्याने नाही होणार." त्याला आता दीड महिना झाला...

मनोहरराव जनावरांचे डॉक्टर, मी त्यांचा सहायक. दहा-एक वर्षांपूर्वी वर्ध्याला आम्ही गाईंचे गर्भ गोठवून ठेवत असू. गुणवंतरावांच्या गवळाऊ जातीच्या गाईचे सहा गर्भ आम्ही काढले, बारीक नळ्यांत भरले आणि द्रव नायट्रोजनच्या कंटेनरमध्ये बुडवले. वर्षभरात गाय साप चावून मेली. मागे एक कालवडही नव्हती. तिचा सगळा वंश त्या कंटेनरमध्ये. पोळ्याला गुणवंतराव पुरणपोळ्यांचं ताट घेऊन दारात. "निवद दाखवाले आलो जी. जरासं झाकन उघडा, तिच्या लेकराइले वास त जाऊ द्या."

"झाकण उघडलं का थंडावा गेला, अन् लेकरंबी गेले. बाहेरूनच दाखवा," डॉक्टर म्हणाले. माणूस तापट, पण पुरणपोळीपुढे त्यांचा राग टिकत नसे. आतल्यांच्या वतीने चारही पोळ्या त्यांनीच संपवल्या. माझ्या वाट्याला ताट धुणं आलं.

पुढे मात्र हसू पळालं. पाच गर्भ एकेक करून वितळवले, दुसऱ्या गाईंच्या पोटात ठेवले. एकही रुजला नाही. शेवटची नळी कोमट पाण्यात धरायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी ती माझ्या हातात दिली. "तू धर," म्हणाले, आणि तोंड फिरवून कॅलेंडर वाचत उभे राहिले. तो गर्भ गुणवंतरावांच्याच संकरित गाईत ठेवला.

तीन महिन्यांनी तपासणी. डॉक्टरांनी खांद्यापर्यंत हात घातला आणि गप्प. एक मिनिट, दोन मिनिटं... गुणवंतराव मटकन शेणातच बसले. मग डॉक्टर हळूच म्हणाले, "गाभण आहे." परतताना मी चिडून विचारलं, इतका वेळ कशाला लावला? "अबे, तोंड उघडलं असतं त रडलो असतो."

परवा आंजीला गेलो. त्या शेवटच्या गर्भातून जन्मलेली कालवड आता तीन वेतांची पांढरीशुभ्र गाय आहे. गुणवंतराव तिला सरकीची ढेप घालत होते. मी सांगितलं. त्यांनी ढेपेची पाटी खाली ठेवली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"थांबा जी जरा," म्हणाले, "डाक्टर पह्यले असेच घाबरवते. मंग चांगलं सांगते."