तुमच्या घरचा आवाज पाठवा

बँडमध्ये असलं की किस्से साठतातच. आमच्याकडे जरा जास्त, कारण आम्ही श्रोत्यांकडूनच आवाज मागवतो. ज्याची आठवण येते असा घरचा आवाज फॉर्म भरून पाठवा, आम्ही त्यावर गाणं बांधू. गाते पुण्याची मुग्धा. ताल शिवूअण्णांचा, त्यांच्या तीन पिढ्या इथे बंगळुरूच्या बनशंकरीत गेल्या. कीबोर्डवर मी, निपाणीचा. यासाठी मी दोन वर्षांपूर्वी आयटीतली नोकरी सोडली, तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. आईचा फोन आला की मागे त्यांचा खोकला ऐकू येतो, तेवढाच.

*

व्हाइटफील्डच्या एका नागपूरकराने कूलरचा आवाज पाठवला. चौदा मिनिटं! मुग्धाने त्याला फोन लावला, "यात म्युझिक कुठेय?"

"म्युझिक नाही जी, झोप येते ना त्याने."

मुग्धाने तो तानपुऱ्याच्या जागी लावला. शोला तो नागपूरकर पहिल्या रांगेत बसला आणि खरंच झोपला.

*

इथल्याच शिवाजीनगरच्या एका शिंपीणकाकूंनी शिलाई मशीनचा आवाज पाठवला. ऐकतो तर तोंडाने काढलेला! "आईचं मशीन विकलं हो," काकू म्हणाल्या, "आवाज पाठ आहे." काकूंची लय इतकी पक्की, की अण्णांना दोनदा तबला थांबवावा लागला.

*

एकदा ठरलं, इशारा केला की सगळ्यांनी आपापला आवाज मोबाइलवर एकदम वाजवायचा. नेटवर्कने घात केला. कुकरच्या शिट्ट्या आधीच झाल्या, देवळातली घंटा मागून आली, आणि मुग्धा आभार मानत असताना कुणाचा तरी कोंबडा आरवला.

अण्णा माइकवर आपल्या कानडी मराठीत म्हणाले, "सरी, स्वल्प लेट झाला, पण पोचला की."

हॉलभर हशा. मीही हसलो, पण बाबांनी हे एकदा बघायला हवं होतं, असं फार वाटलं.

*

गेल्या महिन्यात प्रॅक्टिसला आम्ही नवीन आलेले आवाज ऐकत होतो. एक अगदी छोटा होता. दाराची कडी. दोनदा, मग थांबून एकदा. शेवटी कुणाचा तरी खोकला.

"ठेका झकास आहे की," अण्णा म्हणाले, "कुणाचा रे?"

घरी गेलो की कडी मी तशीच वाजवायचो, लहानपणापासून.

मुग्धाने फॉर्म उघडला. नाव नव्हतं, गाव निपाणी. 'हा आवाज का पाठवला?' याच्यापुढे लिहिलं होतं, ते तिने मोठ्याने वाचलं, "मुलगा आला की कडी अशी वाजते. दोन वर्षं वाजली नाही, म्हणून मीच बाहेर उभं राहून वाजवली."

अण्णा तबल्यावर तो ठेका धरायला लागले. मुग्धाने त्यांना हाताने थांबवलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

फॉर्ममध्ये शेवटी आम्ही विचारतो, 'हा आवाज गाण्यात वापरू का?'

त्यापुढे लिहिलं होतं, 'नको.'