मालकिणीचा जबाब

नवरा गेला तेव्हा आमच्या डाळमिलमध्ये तुरीचा हंगाम भरात होता. ढोकीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरनं त्याच्या मोटरसायकलला उडवलं. तेराव्यानंतर सासऱ्यांनी मला बैठकीत बोलावलं. मी त्यांना मामा म्हणते. कंपनीच्या कागदावर संचालक म्हणून माझं नाव पहिल्यापासून होतं, पण ते बाईच्या नावाला सवलत मिळते म्हणून. सही जिथं करायची तिथं नवरा पेन्सिलीनं फुली मारून द्यायचा आणि मी भाजी चिरता चिरता हात पुसून सही करायची.

मामा म्हणाले, "उद्यापासून मिलवर जायचं. धाकट्याच्या हातात दिली तर वर्षाच्या आत कुलूप लागंल."

धाकटा म्हणजे माझा दीर. तो दारातच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं.

मी ईट गावची, मास्तरांची मुलगी. बी.एस्सी. झालेली, पण मिलच्या आत पाय ठेवला होता तो फक्त दसऱ्याच्या पूजेपुरता. सुरुवातीला व्यापारी आत येऊन "भाऊ कुठायत?" असं मलाच विचारायचे आणि वजनकाट्यापाशी उभं राहून दिराशी सौदा करायचे. मला चहा सांगायला लावायचे. हळूहळू मी तूर दाताखाली धरून ओल ओळखायला शिकले, भाव बोलायला शिकले. एका व्यापाऱ्याचा ओला माल मी दारातून परत पाठवला, तेव्हापासून खुर्ची माझ्याकडे वळवून बोलणं सुरू झालं. दिराला ते लागलं. घरी तो माझ्याशी नीट वागायचा. मिलवर मी सांगितलेलं काम मात्र तो नेहमी थोडं उशिरा करायचा.

डाळ निवडायला बायका यायच्या. त्यातली सगळ्यांत जुनी होती तिला आम्ही सगळ्या आपा म्हणायचो. ढोकीहून रिक्षानं यायची, जेवताना सगळ्यांना हसवायची, मला मात्र गंभीर तोंडानं 'सेठानी' म्हणायची. माल वर चढवणाऱ्या यंत्राचा पट्टा जमिनीलगत फिरायचा आणि सांडलेला दाणा गोळा करायला बायकांना त्याच्या अगदी शेजारून जावं लागायचं. एकदा एकीचा पदर त्यात ओढला गेला. पदर फाटला, बाई वाचली. दुसऱ्याच दिवशी मी पट्ट्यावर लोखंडी जाळी बसवून घेतली. दीर म्हणाला, पट्टा घसरला की दर वेळी नट खोलत बसावं लागंल. मी म्हटलं, खोलायचे.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी मी नवीन यंत्र बघायला लातूरला गेले होते. दुपारी फोन आला. मी सिव्हिलला पोचले तोवर आपा गेली होती. ओढणी पट्ट्यात गेली आणि गळ्याभोवती आवळली, असं सांगितलं. मी तशीच मिलवर गेले. जाळी पोत्यांच्या थप्पीला टेकवून ठेवलेली होती.

संध्याकाळी जबाब घ्यायला पोलीस मिलवर येणार होते. त्याआधी मामांनी घरी बोलावलं. वकील बसलेले होते. ठरलं होतं ते त्यांनी मला समजावून सांगितलं: जाळी जागेवर होती, बाईनं स्वतःच काहीतरी काढायला आत हात घातला. कामगारांनाही तसंच सांगून झालं होतं.

मी दिराला विचारलं, "जाळी कुणी काढली?"

तो खाली बघत म्हणाला, "पट्टा घसरत होता वहिनी. माल संपला की लावणारच होतो."

मामा म्हणाले, "मालक म्हणून तुझं नाव हाय. पहिला गुन्हा तुझ्यावर पडंल. जाळी होती म्हण, सगळेच सुटतील."

मला भीती वाटत नव्हती असं नाही. पण पोलिसांना मी सांगितलं की मालक मी आहे, जाळी काढलेली होती, आणि माझ्या गैरहजेरीत ती माझ्या दिरानं काढली. गुन्हा दोघांवर दाखल झाला. दिराला अटक झाली, काही दिवसांनी जामीन मिळाला. मला अटकपूर्व जामीन मिळाला होता.

तो घरी आला त्या दिवशी जावेनं माझं ताट वाढलं नाही. मामांनी पुन्हा बैठकीत बोलावलं.

"तुला मालकीण केलं ते घर सांभाळायला," ते म्हणाले, "घरातला माणूस आत घालायला न्हाय."

राजीनाम्याचा कागद तयार होता. मी तो पूर्ण वाचला आणि सही केली. आता माझ्या जागी जाऊ आहे. सौदे दीर करतो.

आपाचा चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर मी ढोकीला तिच्या घरी गेले. तिच्या नवऱ्यानं पाणी दिलं, बसायला चटई टाकली. मी जबाबात काय सांगितलं ते त्याला ठाऊक होतं. मीही थोडं सांगायला लागले, कदाचित त्यानं काही बरं बोलावं म्हणून. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

मग म्हणाला, "तुमी खरं बोलल्या, अल्ला बघतोय. पण बाई, मिल तर तुमचीच होती ना?"

मी चटईवरून उठले. त्यानंही उठून मला रस्त्यापर्यंत सोडलं, एसटी येईपर्यंत थांबला.

मी आता धाराशिवला भाड्याच्या खोलीत राहते, एका बियाण्याच्या दुकानात काम करते. केस चालू आहे. तारखेला मी आणि दीर कोर्टाच्या एकाच व्हरांड्यात बसतो. मधल्या बाकावर मामा असतात, मला ओलांडून पलीकडे बघत. मागच्या तारखेला साक्षीदार कामगार आले होते. त्यातल्या बहुतेकांनी जाळी होती असंच सांगितलं.